ट्वीडची टोपी, नारळाचे तेल आणि गोव्याचा पावसाळा

डिचोलीच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, बहिणीने स्कॉटलंडहून आणून दिलेली हॅरिस ट्वीडची टोपी त्यांनी दोन हिवाळे वापरली, पावसाळ्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि दिवाळीच्या सुमारास बाहेर काढली, तेव्हा कपाळाला टेकणाऱ्या आतल्या पट्टीला खवट वास येत होता, अस्तरावर पांढुरके ठिपके पडले होते आणि सगळ्या टोपीला कुबटपणा चढला होता. ती पाण्यात धुवावी, ड्रायक्लीनिंगला द्यावी की कडक उन्हात टाकावी, आणि पुढच्या पावसाळ्यात असे होऊ नये म्हणून काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. फोंड्यात लोकरी आणि रेशमी कपड्यांच्या धुलाईचे काम व त्याच्याच जोडीने हौशी नाट्यमंडळांचा कपडेपट सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे अशा टोप्या माझ्या हाताखालून नेहमी जातात. माझे मत असे की ही टोपी पूर्णपणे वाचेल. ती बुडवून धुवू नका. आतली पट्टी आणि अस्तर यांना पाण्याचा हात द्या, बाहेरच्या ट्वीडला ब्रशचा द्या, आणि सर्वांत जास्त काळजी वाळवण्याची घ्या.

असे का, ते आधी सांगतो, कारण वासाचे मूळ कळले की पुढची प्रत्येक कृती आपोआप पटते. हॅरिस ट्वीड हे नाव १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने बांधलेले आहे: शुद्ध नवी लोकर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेली व कातलेली असावी आणि तिथल्या रहिवाशांनी ती आपल्या घरी हाताने विणलेली असावी, तरच कापडाला ते नाव लावता येते. त्या बेटांवर पाऊस आणि ओल आपल्यासारखीच पाचवीला पुजलेली असते. पण तिथली हवा थंड असते, आणि थंडीत बुरशी व जंतू सावकाश वाढतात. तेव्हा ट्वीडला नुसत्या ओलीचे भय नाही. गोव्यात ओलीला उष्णतेची आणि डोक्याच्या तेलाची जोड मिळते, तिथे बिघडते. लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेऊ शकते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. ‘कोरडी आहे’ असे समजून आपण पिशवीत बंद करतो ती टोपी अनेकदा आत बरेच पाणी धरून असते.

त्यात घामाची भर पडते. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू त्यातले घटक खाऊ लागतात तेव्हा तो सुटतो. घामातले पाणी उडून जाते आणि मीठ पट्टीत राहते. मिठाचा गुण असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून पाझरू लागते. बरणीतले मीठ आषाढात ओले होते ते याच कारणाने. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे पट्टीत मीठ साचलेले असेल तर ती टोपी पावसाळाभर कितीही वारा दिला तरी मनापासून वाळत नाही. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण ड्रायक्लीनिंग करूनही वास का परतला, या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

तिसरा भाग तेलाचा. आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. टोपी डोक्यावर असताना ते पातळ होऊन पट्टीत झिरपते आणि टोपी काढून ठेवल्यावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथेच थिजते. पावसाळ्यात ओल आणि बुरशी मिळून त्या तेलाचे विघटन करतात आणि जुन्या, खराब झालेल्या खोबऱ्याला येतो तसा खवट वास येऊ लागतो. आपण वर्णन केलेला वास तोच आहे. कुबट वास बुरशीचा, खवट वास तेलाचा. दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

कामाला लागण्यापूर्वी टोपीचा पुढे आलेला कडक भाग तपासा. बोटांनी हलकेच वाकवून पाहा. तो लवचीकपणे परत पूर्वस्थितीला आला तर आत प्लॅस्टिक आहे, जे अलीकडच्या टोप्यांत असते. वाकवताना कागदासारखा कुरकुरला किंवा मोड राहील असे वाटले तर आत पुठ्ठा आहे, आणि पुठ्ठ्याला पाणी लागले की तो फुगून कायमचा वेडावाकडा होतो. जुन्या, वारशाने आलेल्या टोप्यांत पुठ्ठा असण्याची शक्यता अधिक. त्याचबरोबर पट्टी कशाची आहे तेही पाहा. सुती किंवा कृत्रिम धाग्याची असेल तर पाणी चालते. चामड्याची असेल तर तिला फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि तिच्यावर स्पिरिट कधीही लावू नये, ती कोरडी पडून तडकते.

आता बुरशी. टोपी घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, नाकातोंडाला मास्क लावून झटकावी आणि मऊ केसांच्या ब्रशने अस्तरावरचे ठिपके कोरडेच झाडावेत. ओल्या फडक्याने आधी पुसले तर बुरशीचे कण कापडात आणखी खोल जातात. मग अस्तर बाहेर फिरवता येईल तेवढे फिरवून सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवावे. दुपारच्या कडक उन्हात ट्वीड टाकू नये. रंग उडतो, लोकर पिवळट आणि ठिसूळ होते, आणि हे नुकसान भरून निघत नाही. ऊन दाखवून झाल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन अस्तर टिपावे. आधी आतल्या शिवणीच्या कडेला थेंबभर लावून रंग सुटत नाही ना ते पाहावे. सर्जिकल स्पिरिटमध्ये अनेकदा तेलकट आणि उग्र वासाचे घटक मिसळलेले असतात, म्हणून ते नको. नाटकाच्या कपडेपटात, जिथे अंगरखे दोन प्रयोगांच्या मध्ये धुणे शक्य नसते तिथे, वास न घातलेली साधी व्होडका बारीक फवाऱ्याने मारण्याची पद्धत जगभर आहे आणि मीही ती वापरतो. त्यातले सुमारे ४० टक्के अल्कोहोल जंतूंची संख्या कमी करते आणि उडून जाताना मागे वास ठेवत नाही. फेणी चालेल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. चालणार नाही. फेणीला स्वतःचा दमदार गंध असतो आणि तो लोकरीत ठाण मांडून बसतो. स्पिरिट कोणतेही असो, हे काम समईपासून आणि चुलीपासून दूर करावे.

तेल काढण्यासाठी उष्णतेची मदत घ्यावी. पट्टीच्या खाली जाड टर्किश टॉवेलची घडी आणि वर टिपकागदाचे किंवा साध्या पांढऱ्या टिश्यूचे दोन पदर ठेवून, इस्त्री अगदी मंद ठेवून, ती न घासता क्षणभर टेकवून उचलावी. तेल पातळ होऊन कागदात उतरते. कागद बदलत हेच पुन्हा पुन्हा करावे, जोपर्यंत कागदावर डाग उमटणे थांबत नाही. नाटकातल्या टोप्यांवर तेलाच्या जोडीला रंगभूषेचा थर असतो, आणि तोही याच रीतीने बराचसा निघतो. मुलतानी माती किंवा टाल्कम पावडर भुरभुरून ठेवण्याचा उपाय फिक्या सुती पट्टीवर ठीक आहे. गडद ट्वीडवर मात्र ती पूड विणीत अडकते आणि ब्रशने निघता निघत नाही, म्हणून मी तो टाळतो.

यानंतर पाण्याचा हात. एक लिटर साध्या तापमानाच्या पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण, जसे ईझी, एक छोटा चमचा घालून भरपूर फेस करावा आणि केवळ फेस फडक्यावर घेऊन पट्टी आणि अस्तर पुसावे. नंतर स्वच्छ पाण्यात घट्ट पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने, पाणी बदलत, निदान तीन-चार वेळा पुसावे. मीठ निघते ते या टप्प्यात, साबणाच्या नव्हे, त्यामुळे कंटाळा करू नये. शेवटचा हात एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून द्यावा. लोकरीला किंचित आम्लता मानवते आणि साबणाचा उरलेला अंश निघून जातो. आपल्या स्वयंपाकघरातले माडाच्या सुरेचे व्हिनेगर इथे नको, त्याला रंग असतो आणि वासही. रिठ्याचे पाणी लोकरीला मानवते, पण फिक्या अस्तरावर त्याची पिवळसर छटा राहू शकते, म्हणून ते गडद अस्तरापुरतेच ठेवावे. ब्लीच, धुण्याचा सोडा आणि रोजच्या कपड्यांची धुण्याची पावडर ही तिन्ही लोकरीची शत्रू आहेत. लोकर हे केसांसारखेच प्रथिन आहे. ब्लीच तिला अक्षरशः विरघळवते, क्षार तिला कमकुवत करतात, आणि पावडरीत डाग खाण्यासाठी घातलेली प्रथिनभक्षक विकरे तिच्यावरही तुटून पडतात.

बुडवून धुण्याला माझा विरोध का आहे, तेही इथेच सांगणे योग्य. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. पाणी, उष्णता आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात, तंतू मागे सरकू शकत नाहीत, आणि कापड आटून नमद्यासारखे दाट होते. टोपीत ट्वीड आटते, अस्तर आटत नाही, पुढचा भाग तसाच राहतो. परिणामी टोपी डोक्याला लहान होते आणि शिवणी चुरगळतात. वॉशिंग मशीनमधून काढलेली ट्वीडची टोपी पूर्ववत करून देणे माझ्या हाती नाही आणि कोणाच्याही हाती नाही. बाहेरच्या कापडावर रश्शाचा किंवा चहाचा डाग पडला असेल तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने बाहेरून आत टिपत यावे, चोळू नये.

आता वाळवणे. ओलसर टोपी आधी दोन टॉवेलांमध्ये दाबून पाणी टिपून घ्यावे, मग आपल्या डोक्याच्या घेराचे स्टीलचे पातेले किंवा गुंडाळलेला टॉवेल आत घालून आकार नीट करावा आणि सावलीत पंख्याखाली ठेवावी. आत हवा खेळेल याची काळजी घ्यावी. पातेले वापरले असेल तर काही तासांनी ते काढून टोपी उलटी ठेवावी, नाहीतर पट्टी सर्वांत शेवटी वाळते आणि सगळे श्रम वाया जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एक पूर्ण दिवस पुरतो. पावसात हे काम करायची वेळ आलीच तर बंद खोलीत एअर कंडिशनर ‘ड्राय’वर लावून करावे. वाळताना टोपीला मेंढीचा वास आला तर घाबरू नये. तो लोकरीचा अंगचा वास आहे, वाळल्यावर जातो.

टोपी खरोखर वाळली की नाही हे हाताने कळत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरतो. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी, दिवसभर वाऱ्यावर ठेवलेल्या टोपीचे वजन करावे आणि ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पुढे केव्हाही टोपी साठवण्यापूर्वी वजन करून पाहावे. पाच-दहा ग्रॅम जास्त भरले तर ते पाणी आहे. इतका साधा आणि इतका निःपक्षपाती उपाय दुसरा नाही, आणि तो फारसे कोणी करत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

ड्रायक्लीनिंगबद्दल विचारलेत, तर त्याचे स्थान आहे, पण मर्यादित. त्यात वापरली जाणारी द्रावके, मग ती पेट्रोलियम वर्गातली असोत किंवा परक्लोरोइथिलीन, तेल आणि मेण उत्तम विरघळवतात. मीठ आणि घामाचे पाण्यात विरघळणारे अंश त्यांना दाद देत नाहीत. त्यामुळे आधी पट्टी पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यायला सांगावे, पुढचा भाग कशाचा आहे ते दुकानदाराला सांगावे, कारण काही गोंद द्रावकात सुटतात, आणि टोपी परत मिळाल्यावर ती पिशवीतून लगेच काढून दोन दिवस वाऱ्यावर ठेवावी. दरवर्षी देण्याची गरज नाही. तेलाचा डाग बाहेरच्या ट्वीडपर्यंत फुटून आला असेल, तेव्हा द्यावी.

रोजच्या वापरात एकच शिस्त पुरेशी आहे: डोक्यावरून काढलेली टोपी लगेच बंद जागेत जाऊ नये. ती उलटी करून पट्टी उघडी ठेवून रात्रभर हवेशीर जागी असावी आणि सलग दोन दिवस तीच टोपी घालू नये. स्कूटरच्या डिकीत तर ती कधीच ठेवू नये. तिथे ऊन, दमटपणा आणि पेट्रोलचा वास तिन्ही एकदम मिळतात. लोकर वास पटकन धरते, म्हणून मासे तळले जातात त्या खोलीच्या खुंटीवरही ती नसावी. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश लवेच्या दिशेने फिरवला की धूळ आणि कोंडा विणीत बसत नाही.

पावसाळ्याची साठवण हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. इंग्लंड-स्कॉटलंडचे सल्ले सांगतात की लोकर श्वास घेईल अशा सुती पिशवीत ठेवा, प्लॅस्टिक टाळा. त्यांच्या हवेत ते बरोबर आहे, आणि आपल्याकडेही ऑक्टोबर ते मे या काळात मी तेच सांगतो. पण जून लागल्यावर सुती पिशवीतून आत येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. म्हणून मे महिन्याच्या उत्तरार्धात, मान्सून येण्यापूर्वी, टोपी वर सांगितल्याप्रमाणे पुसून, वाळवून, वजन करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवाव्यात. नारिंगी दाणे हिरवट झाले की ते भरले असे समजावे आणि ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून, थंड झाल्यावर पुन्हा वापरावेत. बुटांच्या खोक्यात सापडणारी एवढीशी पुडी चार महिन्यांना पुरत नाही. मध्यम डब्याला निदान १०० ग्रॅम दाणे लागतात. आपण प्लॅस्टिक वापरले ही चूक नव्हती. पट्टीतले तेल, मीठ आणि ओल काढण्याआधी ते बंद झाले, एवढेच झाले.

आपल्याकडे पूर्वी कपाटात पावसाळाभर मंद विजेचा दिवा लावून ठेवत. तो दिवा आत ऊब धरत असे आणि त्यामुळे आर्द्रता कमी होई. आता त्या जागी एलईडी दिवा लावून उपयोग नाही, कारण तो जवळजवळ तापतच नाही. आणि जुन्या पद्धतीचा दिवा कपड्यांना टेकला तर आग लागू शकते. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर ते वीतभर पुढे ओढावे. या एवढ्या बदलानेही आतला कुबटपणा बराच कमी होतो.

कसरीचा विचारही करावा लागतो. लोकर खाणारा पतंग स्वतः काही खात नाही, त्याच्या अळ्या खातात, आणि घाम व तेल लागलेला भाग त्यांना सर्वांत आवडतो. त्यामुळे स्वच्छ टोपी हाच पहिला बचाव. डांबरगोळ्या मला पसंत नाहीत: त्यांचा वास लोकरीतून महिनोन् महिने जात नाही, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांना नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे त्या आणूच नयेत. वाळ्याची जुडी किंवा लवंगांची पुरचुंडी ठेवल्यास सुगंध येईल, पण तिच्या भरवशावर राहू नये. टोपीत अळ्या किंवा बारीक छिद्रे दिसली तर टोपी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये; ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी, नाहीतर आपली दमट हवा थंड लोकरीवर दव धरते आणि टोपी पुन्हा भिजते.

शेवटी, आपण केलेच पाहिजे असे एक छोटे शिवणकाम सांगतो. कपडेपटात आम्ही प्रत्येक टोपीला करतो तसे, मऊ जुन्या पंचाची किंवा मलमलीची चार बोटे रुंद पट्टी कापून तिची दुहेरी घडी करावी आणि टोपीच्या मूळ पट्टीवर लांब टाक्यांच्या धावदोऱ्याने टाचावी. सुई फक्त मूळ पट्टीतून जावी, ट्वीडपर्यंत पोचू नये. घाम आणि खोबरेल दोन्ही या कापडात मुरतात. हिवाळ्यात दर पंधरवड्याला दोरा उसवून ते कापड गरम पाण्यात साबणाने धुवावे, कडकडीत उन्हात वाळवावे आणि परत टाचावे. दोन पट्ट्या आलटून पालटून ठेवल्या तर टोपी एक दिवसही अडून राहत नाही. आपल्या टोपीची मूळ पट्टी इस्त्री, फेस आणि व्हिनेगर या सगळ्यांनंतरही खवट राहिली, तर ती कोणत्याही चांगल्या शिंप्याकडून उसवून नवी सुती पट्टी बसवून घ्यावी. ते अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याने ट्वीडला काहीही होत नाही.